दरड कोसळलेल्या खोऱ्याकडे : संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांची एका दिवसाची वाट

प्रतिवर्षी २४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचा सण साजरा करते. लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते, ख्रिस्तसभेचे महापंडित, सौम्यतेचा आदर्श अशा अनेक नात्यांनी आपण त्यांना ओळखतो. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथेड्रलही त्यांच्याच नावाने उभे आहे. त्यांच्या ग्रंथांविषयी आणि मधुर वाणीविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकले आहे. परंतु ह्या संताने आपल्या आयुष्यातील कितीतरी दिवस आल्प्स पर्वताच्या बिकट पायवाटा तुडविण्यात घालविले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. आज आम्ही त्यांचे जीवन सांगणार आहोत ते त्या पायवाटांच्या अनुषंगाने, आणि त्यातही एका विशिष्ट दिवसाच्या वाटचालीवर थोडे अधिक थांबून. जालना जिल्ह्यात शेतीवर जगणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्या दिवसाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही, असे आम्हांस वाटते.

डोंगराच्या पायथ्याशी जन्म

२१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉय प्रांतातील थोरां ह्या गावी सेल्स घराण्याच्या गढीत फ्रान्सिस ह्यांचा जन्म झाला. सव्हॉय त्या काळी फ्रान्सचा भाग नव्हता. तेथे ड्यूकचे स्वतंत्र राज्य होते. हा सारा मुलूख डोंगराळ आहे. आनसी नावाच्या शहराजवळ एक मोठे सरोवर आहे आणि त्याच्या भोवती पांढुरक्या, करड्या चुनखडीचे उंच डोंगर उभे आहेत. त्यांपैकी तूर्नेत नावाचे शिखर समुद्रसपाटीपासून २३५१ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच असलेल्या कळसूबाईपेक्षा ते सुमारे सातशे मीटरनी अधिक आहे. अशा डोंगरांच्या छायेत फ्रान्सिस वाढले.

ते घरातील थोरले अपत्य होते. वडिलांची इच्छा मुलाने मोठा कायदेपंडित व्हावे, राजदरबारी मान मिळवावा, अशी होती. त्यानुसार फ्रान्सिस प्रथम ला रोश व आनसी येथे, पुढे पॅरिसमध्ये येशूसंघीय धर्मगुरूंच्या महाविद्यालयात आणि शेवटी इटलीतील पादुआ येथे शिकले. पॅरिसमध्ये असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, आपले तारण होणारच नाही अशा भयंकर विचाराने त्यांना कित्येक आठवडे ग्रासले होते. त्या अंधारातून ते प्रार्थनेच्या बळावर बाहेर आले. पुढे निराश झालेल्या माणसाशी बोलताना त्यांच्या शब्दांत जी हळुवारता असे, तिचे मूळ ह्या अनुभवात होते, असे मानले जाते. १५९१ साली पादुआ विद्यापीठाने त्यांना कायद्याची डॉक्टरेट दिली. हा कायद्याचा अभ्यास पुढे कोठे उपयोगी पडला, ते आपण पाहणारच आहोत.

वडिलांनी ठरविलेला विवाह आणि मिळत असलेले मानाचे पद, दोन्ही बाजूला सारून फ्रान्सिस ह्यांनी १८ डिसेंबर १५९३ रोजी गुरुदीक्षा घेतली.

शाब्ले प्रांतातील पायपीट

दीक्षेला वर्षही झाले नव्हते, तोच १४ सप्टेंबर १५९४ रोजी ते आपला चुलतभाऊ लुई ह्यांच्यासह शाब्ले प्रांताकडे निघाले. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेला असलेल्या ह्या भागातील लोकांनी सुमारे साठ वर्षांपूर्वी कॅल्व्हिनपंथ स्वीकारला होता. वडिलांचा ह्या धाडसाला सक्त विरोध होता. सुरक्षिततेसाठी फ्रान्सिस रात्री आलांज येथील किल्ल्यात मुक्काम करीत आणि सकाळी पायी थोनों शहरात उतरत. संध्याकाळी पुन्हा चढण चढून किल्ल्यात परत. ऊन असो, बर्फ असो, हा क्रम कित्येक महिने चालला.

ह्या काळातील दोन प्रसंग चरित्रकारांनी आवर्जून नोंदविले आहेत. एका हिवाळी रात्री जंगलात वाट चुकल्यावर लांडग्यांच्या भीतीने ते झाडावर चढले आणि झोपेत खाली पडू नये म्हणून पट्ट्याने स्वतःला फांदीशी बांधून घेतले. सकाळी गारठलेल्या अवस्थेत त्यांना खाली उतरविले ते कॅल्व्हिनपंथीय शेतकऱ्यांनी. त्याच लोकांनी त्यांना शेकोटीची ऊब दिली. दुसरा प्रसंग द्रांस नदीचा. पूल मोडला होता आणि त्या जागी केवळ एक लाकडी तुळई टाकलेली होती. पलीकडच्या मारां गावी मिस्सा अर्पण करण्यासाठी फ्रान्सिस बर्फाने निसरड्या झालेल्या त्या तुळईवरून हातापायांवर रांगत नदी ओलांडीत.

प्रवचनाला लोक येईनात, तेव्हा त्यांनी श्रद्धेची तत्त्वे सोप्या भाषेत कागदांवर लिहिली आणि ती पत्रके घरोघरी दारांखालून सरकवली. पत्रकारांचे आश्रयदाते हा मान त्यांना पुढे मिळाला, त्याचा आरंभ ह्या कागदांपासून झाला. १५९८ पर्यंत शाब्लेतील बहुसंख्य लोक कॅथलिक श्रद्धेकडे परतले. त्यात ड्यूकच्या राजसत्तेचा रेटाही होता, हे इतिहास लपवीत नाही. परंतु स्वतः फ्रान्सिस ह्यांनी निवडलेले साधन चालणे, बोलणे आणि लिहिणे हेच होते.

घोडा जाईल तेथवर घोडा, पुढे पायी

८ डिसेंबर १६०२ रोजी आपल्या जन्मगावी, थोरां येथील चर्चमध्ये, फ्रान्सिस ह्यांचा जिनिव्हाचे बिशप म्हणून अभिषेक झाला. ते नावाने जिनिव्हाचे बिशप होते, पण त्या शहरात राहण्याची कॅथलिक बिशपांना सोय उरली नव्हती. म्हणून आनसी हेच त्यांचे निवासस्थान झाले. धर्मप्रांतात सुमारे ४५० धर्मग्राम होते आणि त्यांतील अनेक डोंगरांच्या कपारींत, वर्षातील कित्येक महिने बर्फाने वेढलेले असत. काही खोऱ्यांत मागील अनेक वर्षांत बिशपांचे पाऊल पडलेले नव्हते.

फ्रान्सिस ह्यांनी एकेका धर्मग्रामाला भेट द्यायचे ठरविले. १६०५ पासून पुढील काही वर्षे हे काम टप्प्याटप्प्याने चालले. घोडा जाईल तेथवर घोड्यावर आणि पुढे पायी, असा हा प्रवास असे. गावी पोहोचताच प्रवचन, पापनिवेदन, दृढीकरण, लहान मुलांना धर्मशिक्षण, भांडणतंट्यांत समेट, आणि रात्री मिळेल त्या घरी, मिळेल त्या अंथरुणावर मुक्काम. १६०५ साली ला रोश येथे त्यांना मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण भेटला. बिशपांनी त्याला आपल्या घरी आणले आणि स्वतः खाणाखुणांनी त्याला श्रद्धेची शिकवण दिली. कर्णबधिर बांधव आजही त्यांना आपले आश्रयदाते मानतात, ते ह्यामुळेच.

सिक्स्टच्या मठात आलेली माणसे

बिशप झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील ही घटना. जिफ्र नदीच्या वरच्या खोऱ्यात सिक्स्ट नावाचे गाव आहे. तेथे ११४४ साली स्थापन झालेला एक जुना मठ होता. मठातील शिस्त ढासळली होती आणि ती सावरण्यासाठी बिशप स्वतः तेथे आले होते. हे काम चालू असतानाच तीन कोस दूरच्या एका खोऱ्यातील काही माणसे त्यांच्या भेटीस आली. युरोपातील तो कोस आपल्या कोसाहून मोठा. तीन कोस म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण बारा ते पंधरा किलोमीटर.

त्या माणसांनी सांगितलेली हकिकत थरकाप उडविणारी होती. त्यांच्या खोऱ्यावरील डोंगरांची शिखरे तुटून खाली कोसळली होती. वस्त्या गाडल्या गेल्या, माणसे दगावली, गुरेढोरे गेली आणि ज्या जमिनीवर पोट भरायचे ती जमीनच दगडांखाली नाहीशी झाली. इतके होऊनही सरकारी वहीत त्या जमिनी पूर्वीसारख्याच नोंदलेल्या होत्या आणि त्यांवरील सारा पूर्वीसारखाच मागितला जात होता. लोकांनी ड्यूकच्या हिशेब दरबाराकडे सूट मिळण्यासाठी अर्ज केला होता. त्याला उत्तर आले नव्हते. म्हणून आता बिशपांकडे त्यांचे एवढेच मागणे होते, की त्यांनी आपला कोणी विश्वासू मनुष्य पाठवावा, त्याने नुकसान डोळ्यांनी पाहावे आणि मग बिशपांनी ड्यूकला एक पत्र लिहावे.

प्रिय वाचकहो, ही मागणी आपल्याला किती ओळखीची वाटते! २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ह्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके पाण्याखाली गेली आणि नदीकाठची जमीन खरडून गेली. अशा प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या ओठांवर एकच शब्द असतो, पंचनामा. सातबारावर शेत जसेच्या तसे असते, प्रत्यक्षात तेथे दगडगोटे उरलेले असतात. कोणीतरी यावे, बांधावर उभे राहून पाहावे आणि जे दिसले ते लिहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. चारशे वर्षांपूर्वीचे ते आल्प्समधील शेतकरी नेमके हेच मागायला आले होते.

बिशपांनी मनुष्य पाठविला नाही. आपण स्वतः आणि लगेच निघतो, असे त्यांनी सांगितले.

आलेली माणसे गोंधळून गेली. वाट फार वाईट आहे, तेथून घोडा जाऊ शकणार नाही, असे ते सांगू लागले. तेव्हा बिशपांनी त्यांना विचारले, की तुम्ही त्याच वाटेने आलात ना. त्यांनी उत्तर दिले, की आम्ही गरीब माणसे, आम्हांला अशा कष्टांची सवय आहे. त्यावर बिशपांचे म्हणणे असे होते, की ज्या लेकरांनी आपल्यासाठी ही वाट तुडविली, त्यांच्याकडे जाण्यासाठी पित्यानेही ती तुडविलीच पाहिजे. बोलणे तेथेच संपले आणि ते त्यांच्याबरोबर पायी निघाले.

ती वाट

ते तीन कोस अंतर चालायला पूर्ण दिवस लागला, असे चरित्रकार सांगतात. पंढरीच्या वारीला निघालेला आपल्याकडील मनुष्य तेवढे अंतर दुपारपर्यंत सहज तोडतो. मग येथे दिवस का लागावा? त्याचे उत्तर त्या डोंगरांच्या दगडात आहे.

आपला मराठवाडा काळ्या बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसून आपले पठार आणि अजिंठ्याची डोंगररांग तयार झाली. सिक्स्टभोवतीचे डोंगर निराळे आहेत. ते चुनखडीचे, म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या शंखशिंपल्यांच्या गाळाचे आहेत. आपल्याकडे मोसंबीचा बागायतदार चुनखडीयुक्त जमिनीला नाक मुरडतो. तोच चुना तेथे शेकडो मीटर उंच सरळ भिंतींच्या रूपाने उभा आहे. सिक्स्टजवळ घोड्याच्या नालेसारखे वळलेले असेच एक प्रचंड कड्यांचे कोंदण आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळले, की त्या कड्यांवरून डझनावारी धबधबे कोसळतात. त्यामागे तेनवेर्ज नावाचे शिखर जवळजवळ तीन हजार मीटरपर्यंत पोहोचते.

चुनखडीचा गुण असा, की पावसाचे पाणी तिला हळूहळू विरघळविते. त्यामुळे उंचावरच्या सपाट कातळांवर सुरीच्या पात्यासारख्या धारदार कडा आणि खोल भेगा पडतात. त्यांवरून चालताना प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागते. पाणी भेगांतून खाली मुरून जाते, म्हणून वरच्या भागात तहानलेल्या वाटसरूला पाणी मिळणेही अवघड. भेगांत साचलेले पाणी हिवाळ्यात गोठले, की ते फुगते आणि दगडाला आतून पाचर ठोकल्यासारखे फोडते. चुनखडीच्या खाली अनेक ठिकाणी मऊ, चिकणमातीसारख्या दगडाचे थर असतात. ते भिजले, की वरचा कडा आधार सुटल्यासारखा होतो आणि एखाद्या दिवशी डोंगराचा तुकडाच खाली येतो. अशी दरड कोसळल्यावर मागे राहतो तो सुट्या दगडांचा उतार. त्यावर दोन पावले वर चढावे, तर एक पाऊल मागे घसरायला होते.

दरड म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर असाच घाला पडला. तेथे वाहन जाईल असा रस्ता नव्हता. मदतीला निघालेल्या प्रत्येकाला भर पावसात, निसरड्या चढणीवरून पायीच वर जावे लागले. जो चालायला तयार होता, तोच तेथे पोहोचू शकला. सिक्स्टहून निघालेल्या त्या दिवशीही हीच कसोटी होती.

फ्रान्सिस त्या वेळी छत्तीस-सदतीस वर्षांचे असतील. ते सरदार घराण्यात वाढलेले, ग्रंथांत रमणारे गृहस्थ होते. तरुणपणी पादुआ येथे ते इतके आजारी पडले होते, की जगण्याची आशा उरली नव्हती. आल्प्सच्या शिखरांवर चढाई करण्याचा छंद तोपर्यंत जन्मालाही आला नव्हता. डोंगर ही लोकांच्या लेखी भीतीची जागा होती. ह्या वाटेवर त्यांच्यापुढे मौजेचे किंवा विक्रमाचे काही नव्हते. वाटेच्या टोकाला थांबलेली माणसे, एवढेच एक कारण होते.

पोहोचल्यावर

तेथे त्यांनी जे पाहिले, ते सांगितलेल्या हकिकतीहून कमी नव्हते. लोकांकडे अन्न नव्हते, वस्त्र नव्हते, निवारा नव्हता. बिशप त्यांच्यामध्ये बसले, त्यांच्याबरोबर रडले. आपल्याजवळ होते नव्हते तेवढे पैसे त्यांनी तेथेच वाटून टाकले. आणि त्यानंतर ज्या कामासाठी त्यांना बोलाविले होते, ते काम केले. ड्यूक चार्ल्स इमॅन्युएल ह्यांना त्यांनी स्वतः पाहिलेल्या नुकसानीविषयी लिहिले आणि त्या लोकांसाठी साऱ्याची सूट मागितली. ती मागणी मान्य झाली.

आम्हांस ह्या प्रसंगातील शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो. दुःख पाहून डोळे पाणावणे हे मोठे आहे, खिसा रिकामा करणे त्याहून मोठे आहे. पण खिशातील पैसे दोन-चार दिवसांत संपले असते आणि साऱ्याचा तगादा दरवर्षी आला असता. फ्रान्सिस कायद्याचे पदवीधर होते. केवळ ऐकीव माहितीवर लिहिलेले पत्र आणि स्वतः जागेवर उभे राहून पाहिलेल्याची साक्ष ह्या दोहोंतील फरक त्यांना नक्कीच ठाऊक होता. राज्याच्या दरबारात त्या शेतकऱ्यांच्या शब्दाला वजन नव्हते, बिशपांच्या शब्दाला होते. आपल्या पदाचे ते वजन त्यांनी दिवसभर पायी वाहून त्या खोऱ्यात नेले आणि तेथील गरिबांच्या पारड्यात टाकले.

हरवलेली गाय आणि गुराखी

पुढे १६०६ साली ते शामोनीच्या बाजूच्या बर्फाच्छादित डोंगरांत धर्मभेटीसाठी गेले. तेथून परतल्यावर संत जेन फ्रान्सिस द शांताल ह्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या भागातील एका गुराख्याची गोष्ट कळविली. एका गुराख्याची गाय हरवली. तिच्या शोधात तो हिमनदीवर गेला आणि बर्फाच्या खोल भेगेत पडून गोठून मरण पावला. तो कोठे गेला हे कोणालाच कळले नसते, पण भेगेच्या काठावर त्याची टोपी राहिली होती. ती पाहून त्याच्या शेजाऱ्याने स्वतःला दोराने खाली सोडून घेतले आणि मृतदेह वर आणला.

ही गोष्ट बिशपांच्या मनाला फार लागली. एक गुराखी एका गाईसाठी अशा जागी जातो, त्याच्या आतील ऊब बर्फालाही न जुमानणारी असते, मग आपण माणसांचे मेंढपाळ असून आपला उत्साह इतका थंड का, असा विचार त्यांना बोचू लागला. ज्या बिशपांनी दरड कोसळलेल्या खोऱ्यापर्यंतची वाट पायी तुडविली होती, त्यांनी स्वतःविषयी असा विचार करावा, ह्यातच त्यांची नम्रता दिसते. आपल्याला त्यातून धडा घ्यायचा असेल, तर तो शेजाऱ्याकडूनही घेता येईल. टोपी दिसली म्हणून तो खाली उतरला.

उर्वरित आयुष्य

डोंगरांतील ह्या भेटींतूनच फ्रान्सिस ह्यांची एक धारणा पक्की होत गेली. पवित्र जीवन ही काही मठातील लोकांची मक्तेदारी नव्हे. शेतकरी, सैनिक, व्यापारी, गृहिणी, प्रत्येकाला आपापल्या जागी राहून ते जगता येते. हीच शिकवण त्यांच्या भक्तिमय जीवनाची ओळख करून देणाऱ्या ग्रंथात आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ त्यांच्या हयातीतच अनेक भाषांत गेला. १६१६ साली देवावरील प्रीतीविषयीचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रकाशित झाला. त्याआधी, ६ जून १६१० रोजी, संत जेन ह्यांच्यासमवेत त्यांनी आनसी येथे व्हिजिटेशन धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. प्रकृती नाजूक असलेल्या किंवा वयाने मोठ्या असलेल्या स्त्रियांनाही तेथे प्रवेश मिळत असे.

फ्रान्सचे राजे चौथे हेन्री ह्यांनी त्यांना आपल्या राज्यात मोठ्या पदावर ठेवून घेण्याचा प्रयत्न केला. फ्रान्सिस आपल्या गरीब, डोंगराळ धर्मप्रांतातच राहिले. २८ डिसेंबर १६२२ रोजी लिऑन शहरात, व्हिजिटेशन मठाच्या माळ्यासाठी असलेल्या साध्या खोलीत मुक्कामाला असताना, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. चांगल्या घरांची निमंत्रणे असूनही ती खोली त्यांनी स्वतःच निवडली होती. १६६५ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले आणि १८७७ साली ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून गौरविण्यात आले. १९२३ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना कॅथलिक लेखकांचे आश्रयदाते घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी निष्णात गिर्यारोहक होते आणि १८८९ साली त्यांनी आल्प्समधील मोंते रोझा हा पर्वत अवघड पूर्व बाजूने चढला होता. बर्फाळ वाटेवरील एका दिवसाचे मोल त्यांना पुरते ठाऊक होते.

आनसीपासून जालन्यापर्यंत

ह्या संताचे नाव आपल्या काळ्या मातीत कसे आले, हेही सांगितले पाहिजे. १८३८ साली फादर पीटर मेरी मेर्मिये ह्यांनी आनसी येथे संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. संघाचे पहिले धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला पोहोचले. त्या अवाढव्य मिशनच्या हद्दीत कामठी, औरंगाबाद व जालना ही लष्करी ठाणीही येत होती. रेल्वे नव्हती, धड रस्ते नव्हते. सव्हॉयच्या डोंगरांत वाढलेली ही माणसे बैलगाडीने, घोड्यावरून आणि पुष्कळदा पायी दख्खनचे पठार ओलांडीत होती. पुढे १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. ह्याच संघाचे फादर गुरिएन जाकिये ह्यांनी घोगरगाव परिसरातील गोरगरिबांमध्ये आपले आयुष्य वेचले आणि मराठवाड्यातील ग्रामीण कॅथलिक समाजाचा पाया घातला. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत अस्तित्वात आला, तेव्हा त्या सर्व वाटा एका ठिकाणी मिळाल्या.

म्हणून आम्हांस वाटते, की सिक्स्टहून निघालेली ती पायवाट त्या खोऱ्यात संपली नाही. फरक एवढाच, की तेथे पांढरी चुनखडी होती आणि येथे काळा कातळ आहे.

आज आपल्या धर्मग्रामांत मोटारसायकल आहे, मोबाईल आहे, बहुतेक वाड्यावस्त्यांना रस्ता आहे. तरीही पिकाचे नुकसान झालेल्या घरी, कर्ता पुरुष गमावलेल्या घरी, मुलीच्या शिक्षणासाठी पैसा नसलेल्या घरी जाऊन बसणारी माणसे कमीच आहेत. आपण फोन करतो, निरोप पाठवितो, वर्गणी देतो. ते सारे चांगलेच आहे. पण अर्ज कसा लिहायचा, कोणत्या कार्यालयात द्यायचा, नुकसानीच्या यादीत आपले नाव आहे की नाही, हे ज्याला कळत नाही, त्याच्याबरोबर तहसील कार्यालयापर्यंत चालत जाणारा कोणी हवा असतो. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात शिकलेले तरुण आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. ज्यांच्या शब्दाला थोडेफार वजन आहे, अशा प्रत्येकाला संत फ्रान्सिस ह्यांच्या त्या दिवसाने एक काम नेमून दिले आहे.

येत्या सणाच्या दिवशी मिस्साबलिदानानंतर आपण त्यांच्या मध्यस्थीची याचना करू, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील असे एक घर आठवावे, जेथे जायची वाट आपल्याला अवघड वाटते. मग त्याच आठवड्यात तेथे जाऊन यावे. संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या विनवणीने प्रभू आपल्या पायांना ते बळ देवो.